इस्त्रीखालचा कागद

सातवी पट्टी गाऊनला चिकटायच्या ऐवजी इस्त्रीलाच चिकटली. कवळीमास्तरने इस्त्री उचलली तेव्हा गाऊनची कॉलर कोरीच होती आणि पट्टी वर, इस्त्रीच्या तापलेल्या पोटाला, घट्ट बसली होती. घाईत तिची डिंकाची बाजू वर राहिली, हे त्याच्या उशिरा लक्षात आलं. पट्टीवर आईचं नाव होतं, आडनाव होतं, पुढे एक आकडा होता. पांढरा रंग कडेकडेनं तांबूस व्हायला लागला होता आणि अक्षरं मात्र अगदी ठळक, त्याच्याकडे तोंड करून. त्यानं बोटानं पट्टी ढकलून पाहिली, बोट भाजलं. मग त्यानं, कुणीही करू नये ते केलं, इस्त्री टेबलावरच्या घोंगडीवर जोरानं घासली. पट्टी अर्धी सुटली, अर्धी दुमडली, आणि आधीच्या सहा पट्ट्यांच्या कडांमधून निघालेला डिंक या नव्या डिंकात मिसळून सगळ्या पोटावर पसरला. घोंगडीपासून इस्त्रीपर्यंत लांब तार निघाली. खोलीत जळका, गोडसर वास भरला आणि त्यानं एकदम आईच्या खोलीकडे पाहिलं, जणू चोरी करताना दिवा लागला असावा.

एवढं घाबरण्यासारखं काहीच नव्हतं. रविवारची सकाळ होती, अकरा वाजले होते, खिडकीतून ऊन टेबलाच्या पायापर्यंत आलं होतं. त्याची बायको मागच्या गॅलरीत वह्या तपासत बसली होती. ती शाळेत शिकवायची. आई तिच्या खोलीत होती. उद्या दहा वाजता कालव्यापलीकडच्या वृद्धनिवासाची गाडी येणार होती आणि आई तिकडे राहायला जाणार होती. निवासाच्या ऑफिसातून यादी मिळाली होती : गाऊन सहा, स्वेटर दोन, शाल एक, टॉवेल तीन, पायमोजे चार जोड. प्रत्येक कपड्याला नावाची पट्टी हवी, कारण तिथं सगळ्यांचे कपडे एकत्र धुतात. पट्ट्या त्यांनीच छापून दिल्या होत्या. मागं डिंक, वरून गरम इस्त्री फिरवायची, झालं. सोबतच्या चिठ्ठीवर बारीक अक्षरात लिहिलं होतं की मधे पातळ कापड ठेवावं. ते त्यानं वाचलं नव्हतं. खरं म्हणजे त्यानं त्या पाकिटातलं काहीच नीट वाचलं नव्हतं, सही करायच्या जागा तेवढ्या शोधल्या होत्या.

बायकोला त्यानं काल विचारून पाहिलं होतं. "तू लावतेस का पट्ट्या? तुझा हात सफाईचा आहे." ती भांडी पुसत होती. तिनं हातातलं भांडं पुसून जागेवर ठेवलं आणि मग म्हणाली, "मला यात घेऊ नकोस. मी जाऊ द्या म्हटलं तर मी वाईट, राहू द्या म्हटलं तर मी खोटी. तुझी आई, तुझा हात." यात राग नव्हता. अकरा वर्षं तिनं सासूचं सगळं केलं होतं, गेल्या दोन वर्षांत तर अंघोळसुद्धा. राग असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. रागावर रागावता येतं.

"जळतंय काय रे?" आतून आईचा आवाज आला.

"काही नाही."

"काही नाहीला असा वास येत नाही."

 त्यानं इस्त्रीचं बटण बंद केलं आणि ती उभी करून ठेवली. आतून पुन्हा आवाज आला नाही, म्हणजे ती उठायच्या तयारीत असणार. खाटेवरून उठून वॉकर धरायला तिला पाच-सात मिनिटं लागायची. तेवढ्या वेळात ती पट्टी निघायला हवी होती. आईनं स्वतःचं नाव असं इस्त्रीवर जळालेलं बघू नये, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. का बघू नये, हे त्याला सांगता आलं नसतं. पट्ट्यांबद्दल तिला माहीत होतं, गाडीबद्दल माहीत होतं. निवासात जायचं तर तिनंच सुचवलं होतं. हे वाक्य तो गेला महिनाभर सगळ्यांना सांगत होता, थोरल्या बहिणीला फोनवर, शेजाऱ्यांना जिन्यात, दवाखान्यातल्या डॉक्टरांना. तिनंच सुचवलं. मी तर कधी बोललोसुद्धा नसतो. सांगून सांगून ते वाक्य त्याच्या तोंडात बेमालूम बसलं होतं, चांगल्या कवळीसारखं. चांगली कवळी बसली की माणूस विसरतो की हे दात आपले नाहीत.

कवळ्या बनवणं हा त्याचा तीस वर्षांचा धंदा. दातांच्या एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत तो बसायचा. समोर प्लॅस्टरचे जबडे, हातात गुलाबी मेण आणि छोटी सुरी. माणसं पुढच्या खोलीत येऊन जायची, त्याला दिसायची ती त्यांची नुसती तोंडं, तीही साच्यातली. आईची कवळी त्यानंच केली होती, तीनदा बदलून, ती खायला लागली की खटखट वाजू नये म्हणून. तरुणपणी तो कामावरून आला की आई त्याचा शर्ट हातात घेऊन नाक मुरडायची. "दुसऱ्याच्या तोंडाचा वास येतो तुझ्या कपड्यांना," म्हणायची, आणि धुवायला टाकायची. मग दुसऱ्या दिवशी तो शर्ट खुंटीवर असायचा, असा सरळ की घालताना कडकड आवाज यायचा. आईची इस्त्री हा घरातला एक रोजचा आवाज होता. वडील एका मोठ्या इमारतीत लिफ्ट चालवायचे, त्यांना पोशाख होता, आणि त्या पोशाखाच्या पँटची घडी सुरीसारखी लागायची. वडील म्हणायचे, लिफ्टमधे साहेब लोक वर-खाली बघत नाहीत, समोरच्याची घडी बघतात. वडील गेल्यावर तिच्या इस्त्रीखाली फक्त मुलाचे शर्ट उरले. पायांनी दगा दिला तरी शर्टाचं काम तिनं सोडलं नव्हतं. खुर्चीत बसून, टेबल खाली करून घेऊन ती इस्त्री करायची. पंचावन्न वर्षांच्या आयुष्यात कवळीमास्तरनं स्वतःचा एकही शर्ट स्वतः इस्त्री केला नव्हता, आणि पहिल्यांदा इस्त्री हातात घेतली ती या कामासाठी, हे आत्ता, त्या वासात उभं असताना, त्याच्या अंगावर आलं.

त्यानं टेबलाच्या खणातून, कधीतरी कामावरून घरी आणलेली मेणाची सुरी काढली. पण लोखंडावर सुरीचं टोक टेकवताच दात शिवशिवले. कर्र असा आवाज झाला आणि चकचकीत पोटावर केसाएवढा ओरखडा उठला. सुरी ठेवून त्यानं मेणाचा तुकडा घेतला. मेणानं चिकट सुटतं, हे त्याला धंद्यामुळे ठाऊक होतं. तापल्या पोटावर तो तुकडा फिरवला तसा धूर निघाला, मेण वितळून डिंकात मिसळलं आणि सगळं गुलाबी-तपकिरी होऊन टपटप घोंगडीवर गळायला लागलं. ते हिरडीसारखं दिसत होतं. त्यानं खिशातला रुमाल त्यावर दाबला. रुमाल चिकटला. तेवढ्यात मागं वॉकरचे पाय फरशीवर टेकल्याचा आवाज आला, एक, मग थांबा, मग दुसरा.

आई दारात उभी होती. तिनं टेबलाकडे पाहिलं, इस्त्रीकडे पाहिलं, रुमालाकडे पाहिलं.

"मेण कुणी सांगितलं?"

"आम्ही कामावर मेणानं काढतो."

"इस्त्रीला दात नसतात," आई म्हणाली. ती खुर्चीपर्यंत आली, वॉकर सोडून हातांवर भार देत बसली आणि श्वास जागेवर येईपर्यंत टेबल धरून राहिली. मग हात पुढे केला. त्यानं इस्त्री तिच्यासमोर धरली, पट्टी दिसू नये म्हणून थोडी तिरकी. तिनं मनगट धरून सरळ केली. दुमडलेल्या पट्टीवर आता तिच्या नावातली शेवटची दोन अक्षरं आणि तो आकडा तेवढा वाचता येत होता. तिनं वाचलं की नाही, कळलं नाही. ती म्हणाली, "लाकडी उलथनं आण. जुना टॉवेल आण. आणि मीठ, जाडं. सुरी ठेवून दे ती."

त्यानं सगळं आणलं. तिच्या सांगण्याप्रमाणे आधी कोमट पोटावरून टॉवेलनं मेण पुसून काढलं. मग लाकडी उलथन्याच्या कडेनं पट्टी हळूहळू, एका कोपऱ्यापासून, उचलली. "ओढू नकोस, तिला सुटायला वेळ दे," आई म्हणत होती. पट्टी सुटली, गोळा होऊन टेबलावर पडली. ती कचऱ्यात टाकावी की नाही, हे त्याला ठरवता येईना. शेवटी त्यानं ती खिशात घातली. डिंकाचे तपकिरी डाग मात्र तसेच होते, बोट लावलं की बोट धरून ठेवत होते. बाहेर गॅलरीत बायकोच्या वहीचं पान उलटल्याचा आवाज येत होता. ती ऐकत होती, आणि ऐकत नाही असं दाखवण्यापुरतीच पानं उलटत होती.

"आता वर्तमानपत्र पसर. त्याच्यावर मीठ. इस्त्री पुन्हा तापव आणि मिठावरून फिरव, दाबून."

रद्दीतला वरचा कागद कुणीतरी चुरगळून ठेवलेला होता. त्यानं तो तसाच पसरला, मूठभर मीठ टाकलं आणि तापलेली इस्त्री त्यावरून फिरवली. मीठ चरचरलं. पहिल्या फेऱ्यातच मिठाचे दाणे तपकिरी झाले आणि इस्त्रीचं पोट पुढच्या बाजूनं उजळलं. त्याला एकदम बरं वाटलं, हाताखाली एखादं काम जमायला लागलं की वाटतं तसं. दुसरा फेरा, तिसरा. इस्त्री जिथून जाई तिथला कागद सरळ होत होता. चुण्या जात होत्या, घड्या जात होत्या, नुसती एक फिकट रेघ मागे राहत होती. त्या रेघेकडे बघता बघता त्याचा हात थांबला.

अशीच रेघ त्यानं पाहिली होती. आई न्हाणीघरात पडली त्याला तेव्हा महिना झाला होता. तो साडेपाचला घरी आला तर न्हाणीघराचं दार आतून बंद, नळाचा आवाज; कडी उचकटून तो आत गेला. ती दुपारी दीडपासून फरशीवर पडून होती. टॉवेल अंगावर ओढून घेतला होता आणि त्याला बघून म्हणाली होती, "घाबरू नकोस. आधी नळ बंद कर." ते चार तास त्याच्या डोक्यातून जात नव्हते. कामावर जबडे घासताना मधेच घड्याळ बघायचा आणि दीड वाजले की हात गार पडायचे. एका दुपारी तो कुणाला न सांगता कालव्यापलीकडे गेला. पूर्वी शाळा होती ती इमारत, दोन मजली, प्रत्येक खोलीत दोन खाटा, खिडक्यांना हिरवे पडदे. त्यानं अर्ज घेतला. अर्जाची चौघडी करून शर्टाच्या खिशात ठेवली आणि रोज सकाळी चष्मा, पेन यांच्याबरोबर ती जुन्या शर्टातून नव्या शर्टात जात राहिली. तीन आठवडे. भरायचा नाही आणि फाडायचाही नाही. मग एक दिवस तो विसरला. कामावर खिशात हात घातला तर कागद नव्हता, शर्ट धुण्यात गेला होता. घरी येईस्तोवर त्याला घाम फुटला होता. पण शर्ट धुऊन, इस्त्री होऊन खुंटीवर होता आणि कागद त्याच खिशात, कोरडा. शर्ट धुतला गेला तर कागद कोरडा कसा, असं त्याच्या मनात आलं नाही. देवानं वाचवलं, असं आलं. खिशातून काढताना तो कागद चौघडी नव्हता, एकदाच दुमडलेला होता, सपाट, कडक, घड्यांच्या जागी फिकट रेघा आणि एका कोपऱ्याला किंचित तांबूस झाक. हे त्याच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याच्या मनानं ते आत घेतलं नाही. दोन दिवसांनी जेवताना आई म्हणाली होती, "मी कालव्यापलीकडे राहायला जावं म्हणते. दिवसा तुम्ही दोघं नसता." बायकोचा घास हातात थांबला होता. आणि तो म्हणाला होता, "बघू." नुसतं बघू. मग भाजी पुन्हा वाढून घेतली होती. त्या जेवणाची चव त्याला अजून आठवत होती, कारण कित्येक दिवसांनी त्याला भूक लागली होती.

"हलव, कागद जळेल," आई म्हणाली.

त्यानं इस्त्री उचलून उभी केली. "आई, तो कागद," तो म्हणाला. 

 तिनं गाऊनची कॉलर हातात घेऊन तिच्यावरची धूळ झटकल्यासारखं केलं. "ओला झाला होता," ती म्हणाली. "खिसे बघितल्याशिवाय मी कपडा पाण्यात घालत नाही, पण त्या दिवशी चष्मा नव्हता. छापलेली शाई पसरली असती. म्हणून दोन कपड्यांच्या मधे धरून इस्त्री फिरवली."

"वाचलास... वाचलास का तू?" तो एवढा गडबडला होता की शब्द चुकला.

"कोरा होता की. नाव, वय, आजार, सगळ्या रेघा रिकाम्या. वाचायला काय होतं त्यात?" ती थांबली. "दोन दिवस वाट पाहिली. म्हटलं, आज काढेल विषय, उद्या काढेल. लहानपणी तुला काही फुटलं-सांडलं की तू दाराच्या मागे उभा राहायचास, तसा दिसत होतास. मग म्हटलं, आपणच काढावा."

गॅलरीतलं पान उलटायचं थांबलं होतं. कवळीमास्तरला वाटलं की आता आपण रडू, पण रडू आलं नाही.  तीस वर्षं दुसऱ्यांची तोंडं भरणाऱ्या माणसाला स्वतःच्या तोंडात एक शब्द सापडेना. शेवटी त्यानं, जे म्हणायला हवं होतं, जे त्या जेवणाच्या दिवशी म्हणायला हवं होतं, ते म्हटलं.

"नको जाऊस."

आईनं त्याच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, थट्टाही नव्हती, ती खरंच विचारत होती. "मनापासून म्हणतोयस? की इस्त्री बिघडली म्हणून?"

मनापासून, असं लगेच म्हणता आलं असतं. एकच शब्द होता. तो जिभेवर आलाही होता. पण त्याच वेळी त्याला न्हाणीघरातला नळ ऐकू आला, दीड वाजता गार पडणारे हात आठवले, बायकोचा पहाटे पाचचा चेहरा आठवला, आणि हिरव्या पडद्यांची ती खोली आठवली जिथं रात्रंदिवस कुणीतरी असतं आणि ते कुणीतरी आपण नसतो. फार वेळ गेला नाही. एक श्वास आत जाऊन बाहेर यावा, एवढाच. तो संपल्यावर तो म्हणाला, "मनापासून." आवाजही चांगला निघाला. पण आईची नजर तोवर कॉलरवर गेली होती.

"बरं वाटलं म्हणालास ते," ती म्हणाली. "राहू दे आता. व्हिनेगरचं फडकं फिरव एकदा, मीठ राहिलं तर कपड्याला लागेल."

त्यानं फडकं फिरवलं. इस्त्रीचं पोट स्वच्छ झालं, इतकं की त्यात खिडकी दिसायला लागली. फक्त सुरीचा ओरखडा राहिला. मग दोघांनी मिळून उरलेल्या पट्ट्या लावल्या. आई पट्टी सरळ धरून वर पातळ रुमाल ठेवायची आणि म्हणायची, "आता." तो इस्त्री टेकवायचा, मनात दहा मोजायचा, उचलायचा. पाचव्या गाऊनपाशी बायको आत आली. तिचे डोळे लाल होते. ती पट्ट्या लावलेले कपडे घड्या करून पिशवीत भरायला लागली. एकदा सासू-सुनेची नजर मिळाली. आई म्हणाली, "पायमोज्यांना पट्टी टोचेल का गं?" बायको म्हणाली, "आतून नको लावायला, वरून लावू." त्यावर तिघांनी, एखाद्या महत्त्वाच्या गोष्टीवर बोलावं तसं, बराच वेळ बोलून घेतलं. एक पट्टी कमी पडली. खिशात हात घालून त्यानं तो जळका गोळा चाचपला आणि तसाच राहू दिला. एका टॉवेलवर बायकोनं पेनानं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी गाडी दहाला पाच मिनिटं असताना आली. निळ्या अंगरख्यातली एक बाई जिना चढून वर आली, हातात फळी, फळीवर कागद. दार उघडंच होतं. कवळीमास्तर पिशवी घेऊन उभा होता, बायको त्याच्या मागे. आई आत केस विंचरत होती. बाईनं कागदावर बोट ठेवलं आणि आईचं नाव वाचलं, मोठ्यानं, नुसतं नाव, पुढे-मागे काही न लावता.

घरात क्षणभर कुणीच हललं नाही. हे नाव या घरात हाक मारायला कधी वापरलंच गेलं नव्हतं. वडील तिला अगं म्हणायचे. तिच्या माहेरची माणसं केव्हाच संपली होती. शेजारचे काकू म्हणायचे, सून आई म्हणायची. कवळीमास्तरला वाटलं, बाई चुकीच्या दारात आली. तसं सांगायला त्यानं तोंड उघडलंही होतं.

"ओ," आतून आईनं उत्तर दिलं. हजेरीला द्यावं तसं, स्वच्छ, न थांबता. आणि पाठोपाठ वॉकरचे पाय फरशीवर टेकले.